पुस्तकाचं मुखदर्शन

सकाळी कार्यालयात आल्यावर आनारकान आधी चहाचं पाणी ठेवत नसे. आधी ती मोबाइल उघडून काल कोणाकोणाला अटक झाली ते बघायची. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, कोणाची खुर्ची गेली, कोणाला मिळाली, एवढं नजरेखालून घातलं की मग किटली. बिश्केकमध्ये हे काम वार्ताहर करतात, वकील करतात आणि तिसरे म्हणजे लहानसहान प्रकाशक करतात. वार्ताहर आणि वकील त्यातून काहीतरी मिळवतात. प्रकाशक फक्त घाबरतो.

घाबरायला कारणही होतं. मेलिस बाइकेंच्या प्रकाशनाचं पोट कविता-कादंबऱ्यांवर चालत नव्हतं, निवृत्त साहेबांच्या आठवणींवर चालत होतं. साहेब सत्तरीला टेकला की त्याला वाटायला लागतं, आपण नुसती नोकरी केली नाही, इतिहास घडवला. मग तो इतिहास जाड पुठ्ठ्यात बांधायचा, वर सोनेरी अक्षरं, आणि मधोमध गुळगुळीत कागदावर फोटो. साहेब आणि मंत्री. साहेब आणि त्याहून मोठे मंत्री. साहेब आणि धरण. यातलं धरण बिचारं एका जागी राहतं. मंत्री राहत नाहीत, आणि पुस्तक छापायला टाकल्यावर तर मुळीच राहत नाहीत.

आनारकानच्या टेबलावर ‘कार्यालय व्यवस्थापक’ अशी पाटी होती. म्हणजे काय, ते तिला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारायची चूक केली नव्हती. लेखक आले की त्यांना चहा, छापखान्याला तगादा, गळक्या नळासाठी फोन, साहेबांच्या घोड्याचं नाव पुस्तकभर एकच आहे ना याची खातरजमा, आणि मेलिस बाइकेंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मेलिस बाइके, म्हणजे मेलिसदादा, संचालक होते. पूर्वी ते कवी होते. एरवी त्यांना ते आठवत नसे, पण एखादं किचकट काम समोर आलं की नेमकं आठवायचं, आणि मग ते खिडकीबाहेरच्या चिनारांकडे बघत बसायचे. काम तोवर आनारकानकडे यायचं.

त्या वर्षी आनारकानला फक्त एक गोष्ट हवी होती. रजा.

तिची जिबेक मॉस्कोत होती. पहिलंच बाळंतपण, आणि दिवस भरत होते मार्चअखेर. जावई आझात टॅक्सी चालवायचा. स्वभावाने गरीब, पण बायकोला कितवा महिना लागलाय असं विचारलं असतं तर त्याने आधी मीटर बघितला असता. भाड्याची एक खोली, शेजारच्या खोलीत दुसरं कुटुंब, स्वयंपाकघर सामाईक. जिबेक पोट पुढे घेऊन गोदामात खोकी बांधायला जात होती, ते कालपरवा थांबलं. आनारकानने तिला शब्द दिला होता, “तू आत असशील तेव्हा दाराबाहेर मी असेन.” जिबेकच्या वेळी तिची स्वतःची आईसुद्धा अशीच येऊन बसली होती. आल्यापासून भांडत होती, रश्शात मीठ नाही, पडदे मळके, नवरा बावळट. पण होती.

रजेचा अर्ज तिने जानेवारीतच दिला.

“दिली!” मेलिस बाइके म्हणाले. “रजा म्हणजे काय, दिलीच समज. फक्त तुरार आगायच्या पुस्तकाचं मुखदर्शन होऊ दे. दुसऱ्या दिवशी विमानात बस.”

आमच्याकडे नवी सून घरात आली की पांढऱ्या कापडाआडून तिचं तोंड उघडतात, आणि पुस्तक आलं की त्याचंही तसंच करतात. पुस्तक पांढऱ्या कापडात बांधायचं, मानाच्या पाहुण्याने गाठ सोडायची, टाळ्या, लेखकाच्या अंगावर झगा, डोक्यावर नवी फेल्टची टोपी, आणि मग मेंढी. सुनेला निदान लोक नंतर रोज बघतात. या पुस्तकांचं तोंड त्या दिवसानंतर कोणी उघडल्याचं आनारकानच्या ऐकिवात नव्हतं.

तुरार आगाय, म्हणजे तुरारकाका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यभर कालव्यांवर सह्या केल्या होत्या. पुस्तकाचं नाव ‘पाण्याची वाट, माझी वाट’. फोटोंची थैली घेऊन ते स्वतः आले, तळलेल्या बोर्सोकची अख्खी बशी संपवली, आणि एक फोटो टेबलावर आपटला. उन्हाळी कुरण, दोन घोडे, एकावर तुरार आगाय, दुसऱ्यावर तुर्दुमातोव. तेव्हाचे मंत्री.

“हा पानभर घ्या,” तुरार आगाय म्हणाले. “पानभर! हा माणूस मला सख्ख्या भावासारखा आहे. त्याच्या ताटातलं मी खाल्लंय, माझ्या ताटातलं त्याने.”

फोटो चौसष्टाव्या पानावर गेला, पानभर.

पाचशे प्रती छापखान्यातून आल्या, आनारकानने त्या मोजून रचल्या, एक उचलून वास घेतला. मुखदर्शन नॉरूझच्या, मार्चमधल्या नववर्षाच्या, आधी ठरलं, तिकीट त्यानंतरचं. तिकिटाचा फोटो तिने जिबेकला पाठवला. जिबेकने उत्तरादाखल नाचणारी मेंढी पाठवली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आनारकानला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोबाइल उघडला आणि किटलीला हातसुद्धा न लावता थेट मेलिस बाइकेंच्या खोलीत गेली.

“बाइके, चौसष्टावं पान आत गेलं.”

“कुठे आत? बांधणीत?”

“तुरुंगात.”

मोबाइलवर तुर्दुमातोव दिसत होते. तोंडं झाकलेले चार जण त्यांना गाडीत बसवत होते, आणि तेही सवयीने डोकं खाली घालून बसत होते. मेलिस बाइकेंनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग ते खिडकीकडे गेले आणि चिनारांकडे बघायला लागले.

तेवढ्यात तुरार आगायचा फोन आलाच.

“पोरी, चौसष्टाव्या पानावर माझ्या शेजारी तो कोण आहे?”

“आगाय, तुम्हीच सांगितलंत. सख्ख्या भावासारखा.”

“अगं, कुरणात माणूस घोड्यावर बसला की शेजारी कोण येऊन उभं राहतं, ते दिसतं का? सगळ्यांच्या डोक्यावर टोप्याच असतात! मी त्या माणसाला धड ओळखतसुद्धा नाही. काढा त्याला.”

“आगाय, पुस्तक छापून झालंय.”

“मग छापलेल्यातून काढा,” तुरार आगाय म्हणाले आणि फोन ठेवला. चाळीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला छापलेल्यातून काढणं ही फार मोठी गोष्ट वाटत नाही.

मेलिस बाइके खिडकीपासून वळले. “ब्लेड आण,” ते म्हणाले.

तर असं झालं. संगणकावर काम करणाऱ्या पोराने फोटोतून तुर्दुमातोवांना पुसलं. टोपी पुसली, पोट पुसलं, बूट पुसले. घोडा ठेवला. घोड्यावर काही गुन्हा दाखल नव्हता, आणि घोडा पुसायला आणखी अर्धा दिवस लागला असता. तेव्हा नव्या फोटोत तुरार आगाय आपल्या घोड्यावर हसत बसलेले, आणि शेजारी दुसरा घोडा, लगाम-खोगिरासकट, वर कोणी नाही.

आनारकानला तो फोटो पाहून कसंसंच झालं. रिकाम्या खोगिराचा घोडा आमच्याकडे केव्हा उभा करतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरातला कर्ता पुरुष गेला की.

“खोगीर तरी काढ रे,” ती म्हणाली.

“एजे,” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ते पोर म्हणालं, “खोगीर काढलं तर पाठीचा रंग जुळवावा लागेल. त्यात दिवस जाईल.”

“जाऊ दे ना तिकडे!” मेलिस बाइके ओरडले. “कोण बघतंय? तुरुंगात पुस्तकं वाटायची आहेत का आपल्याला?”

नवं पान छापून आलं. मग आनारकान ब्लेड घेऊन बसली. जुनं पान मुळाशी कापायचं, दोन बोटं रुंद पट्टी ठेवायची, पट्टीला डिंक, डिंकावर नवं पान, वर वजन. पाचशे वेळा. मेलिस बाइके अधूनमधून येऊन उभे राहायचे, एखादी प्रत उलटून बघायचे आणि म्हणायचे, “इथे डिंक जरा जास्त झालाय.” हातभार म्हणून एवढं पुरे असं त्यांचं मत असावं. मुखदर्शन अर्थातच नॉरूझच्या पुढे गेलं. तिकीटही गेलं.

“कोणाचं तोंड उघडायचंय म्हणालीस?” जिबेकने फोनवर विचारलं.

“पुस्तकाचं गं.”

“आणि ते पुस्तक तुझ्याशिवाय तोंड उघडत नाही?”

“असं काय बोलतेस? थोडेच दिवस. हे बघ, नव्या तिकिटाचा फोटो पाठवलाय.”

“बरं,” जिबेक म्हणाली. “बाळाला दाखवते.”

आता पुस्तक तयार, मेंढी सांगून ठेवलेली, सभागृह ठरलेलं, आणि आनारकान सकाळी मोबाइल उघडते तो काय! वर उलथापालथ झाली होती. कोणी कोणाला ढकललं हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही. कळलं एवढंच, की तुर्दुमातोवांविरुद्ध पुरावा नव्हता, कधीच नव्हता, आणि इतक्या स्वच्छ माणसाला जुनी खुर्ची परत देणं हा त्याचा अपमान ठरेल म्हणून त्याला तिच्याहून मोठी दिली होती.

तुरार आगायचा फोन यायला किटली उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

“पोरी! माझ्या भावाला कुठे टाकलंत?”

“आगाय, तुम्हीच तर...”

“मी? मी माझ्या भावाला पुस्तकातून काढा म्हणेन? लोकांच्या जिभेला काही हाड! त्याला मी प्रमुख पाहुणा बोलावलंय. तोच गाठ सोडणार. परत घाला त्याला.”

“ब्लेड आण,” मेलिस बाइके म्हणाले. या वेळी त्यांनी खिडकीकडे बघण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

मुखदर्शन एप्रिलात गेलं. आनारकान मात्र ब्लेड आणायला गेली नाही. ती टेबलासमोर उभी राहिली. चौदा वर्षांत ती असं मोकळ्या हाताने त्या टेबलासमोर कधी उभी राहिली नव्हती. हातात नेहमी ट्रे असायचा, नाहीतर फाइल.

“बाइके, मला जाऊ द्या. पोरीचे दिवस भरलेत.”

“अगं, मूल काय, त्याच्या वेळेला येतंच. मंत्री येत नाही.”

“ती तिथे एकटी आहे.”

“एकटी कशी? मॉस्कोत दवाखाने नाहीत? आणि तू जाऊन काय करणार? तू डॉक्टर आहेस?”

“मी तिची आई आहे.”

“तेच म्हणतो मी!” मेलिस बाइकेंचा चेहरा एकदम उजळला. हरवलेलं यमक सापडलं की तो असाच उजळत असावा. “इथेही तू आईच आहेस. या सगळ्या घरची. तू गेलीस तर आम्ही पोरके.”

आणि ती राहिली. इथे तिची बाजू घेऊन काही बोलता येत नाही. तिला दोन भीती होत्या. एक म्हणजे, बावन्नाव्या वर्षी ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? ही भीती ती बोलून दाखवायची. दुसरी बोलून दाखवण्यासारखी नव्हती. आपण जाऊ, आणि आपल्यावाचून इथलं काहीच अडणार नाही. चहा होईल, नळ दुरुस्त होईल, पान चिकटेल. पोरके म्हटल्यावर तिच्या मनाला कुठेतरी गुदगुल्या झाल्या होत्या. त्या गुदगुल्यांचा तिला पुढे फार राग आला, पण त्या वेळी तिने ब्लेड उचललं.

मुखदर्शनाच्या दिवशी सकाळी ती सभागृहात पांढऱ्या कापडाला इस्त्री करत असताना आझातचा फोन आला.

“आई, मुलगी झाली. पहाटे.”

“जिबेक?”

“बरी आहे. झोपलीय. मी... मी गाडीवर होतो, आई. विमानतळाचं भाडं होतं. ती एकटीच गेली दवाखान्यात. मी पोचेपर्यंत झालं होतं सगळं.”

आनारकानने फोन ठेवला आणि हातातल्या पांढऱ्या कापडात तोंड खुपसून रडली. आनंदाने रडली की आणखी कशाने, ते निवडायला वेळ नव्हता. मग कापड भिजलं म्हणून पुन्हा इस्त्री केली. मेलिस बाइके नवा टाय बांधून धावतपळत आले.

“बाइके, मला नात झाली.”

“वा वा, झकास! अभिनंदन! माइकच्या बॅटऱ्या बघितल्यास का?”

दुपारी सभागृह भरलं. टोप्याच टोप्या. तुरार आगायच्या गावाकडून दोन गाड्या भरून माणसं आली होती, त्यांच्यापैकी कोणी पुस्तक वाचणार नव्हतं, पण उकडत्या मेंढीचा वास सगळ्यांनी घेतला होता. तुर्दुमातोव आले तेव्हा सगळे उभे राहिले. काही जण महिन्यापूर्वी त्यांचं नाव ऐकताच बसले होते, ते सर्वांत आधी उठले. तुरुंगाने माणूस बारीक झाला होता. आवाज मात्र होता तसाच.

भाषणं झाली. तुरार आगाय कालव्यांवर बोलायला उठले, पण सगळे पाहुण्यांकडेच बघत होते, म्हणून ते लवकर बसले. मग तबकात पांढऱ्या कापडात बांधलेलं पुस्तक आलं, आणि तुर्दुमातोवांनी गाठीला हात घातला.

ती गाठ पाहताच आनारकानला आठवलं. कापडाला इस्त्री तिने आज केली होती खरी, पण ते वरचं, तबकाचं. आतलं पुस्तक तिने पूर्वीच बांधून कपाटावर ठेवलं होतं, कोणाचे हात लागून मळू नये म्हणून. पूर्वी म्हणजे दोन ब्लेडांच्या मध्ये. चारशे नव्याण्णव प्रतींत तुर्दुमातोव परत आले होते. ही पाचशेवी होती.

टाळ्या झाल्या. माणूस पुस्तकात आधी स्वतःलाच शोधतो. तुर्दुमातोवांनी प्रस्तावना उलटली, कालवे उलटले, आणि चौसष्टाव्या पानावर थांबले. बराच वेळ थांबले.

“तुरार,” ते म्हणाले, “हा घोडा माझा ना?”

“तुझाच की! तो उमदा करडा!” तुरार आगाय लांबूनच कौतुकाने म्हणाले.

“मग मी कुठे आहे?”

त्यांनी पुस्तक उलटं करून सगळ्यांना दाखवलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना रिकामं खोगीर दिसलं. एकीने “तौबा!” म्हणून, अपशकुन टळावा यासाठी, गळपट्टीत थुंकल्यासारखं केलं. तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या माणसाला भर सभेत त्याच्याच मरणाचा घोडा दाखवायचा, तेही सोनेरी अक्षरांच्या पुस्तकात! तुर्दुमातोवांची मान लाल होत चालली होती, आणि त्यांच्या मागे उभे असलेले दोन दांडगे पुढे सरकले होते.

“याचं उत्तर...” मेलिस बाइके उठले. बोट आनारकानकडे वळलं. “हे सगळं काम आमच्या व्यवस्थापकांचं...”

आनारकान उभी होती तिथेच राहिली. ती विचार करत होती, आता नोकरी जाईल. आणि तिच्या लक्षात आलं की तिला बरं वाटतंय.

मेलिस बाइकेंच्याही काहीतरी लक्षात आलं. व्यवस्थापक कोणाची, असं पाहुण्यांनी पुढे विचारलं असतं तर? बोट तसंच हवेत राहिलं. मग एकाएकी ते दोन्ही हात वर करून कोकलले, “सुयुंचू! सुयुंचू! मंडळी, सुयुंचू!”

शुभवार्ता आणणारा असा ओरडला की ऐकणाऱ्याने राग गिळायचा, हसायचं आणि त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं. कोणीही असो. सुयुंचूपुढे भांडण चालत नाही.

“आमच्या आनारकानला आज पहाटे नात झाली! इकडे पुस्तकाचं मुखदर्शन, तिकडे नातीचं! हा पायगुण कोणाचा? आपल्या पाहुण्यांचा!”

सभागृहाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि टाळ्यांचा कडकडाट केला. तुर्दुमातोव क्षणभर गोंधळले, मग पुस्तक मिटून त्यांनी खिशात हात घातला आणि एक नोट मेलिस बाइकेंच्या हातात कोंबली. मेलिस बाइकेंनी ती आपल्याच खिशात ठेवली. नात आनारकानची, बातमी आनारकानची, खिसा तेवढा त्यांचा.

पण तुर्दुमातोव आता रंगात आले होते. “नाव ठेवलं का पोरीचं?” त्यांनी गरजून विचारलं.

“नाही!” मेलिस बाइकेंनी परस्पर सांगून टाकलं. “आपल्यासाठीच थांबलो होतो!”

तुर्दुमातोवांनी डोळे मिटले. “एर्किनाय,” ते म्हणाले. “एर्किनाय असू दे नाव. मोकळा चंद्र. मोकळेपणासारखी गोष्ट नाही, लोकहो, हे मला विचारा.” महिनाभर कोठडीत बसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार होतं? सगळ्यांनी तळवे वर केले, तोंडावरून फिरवले, “ओमिन” म्हटलं. मॉस्कोतल्या एका दवाखान्यात झोपलेल्या पोरीला कोणी न विचारता तिच्या लेकीचं नाव ठेवून झालं.

“आणि तुरार, हे पुस्तक पुन्हा छाप,” तुर्दुमातोव म्हणाले. “खर्च माझा. मुखपृष्ठावर आपण दोघं. घोड्यांसकट.”

“सोमवारपासूनच लागतो!” मेलिस बाइके म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मग माइक आनारकानच्या हातात देत ते कुजबुजले, “दोन शब्द बोल. आभार मान. आणि सोमवारी लवकर ये.”

चौदा वर्षांत आनारकानने माइकच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या, माइक कोणी तिच्या हातात दिला नव्हता. तो वजनाने हलका निघाला.

“नावाबद्दल आभारी आहे,” ती म्हणाली. “पण नाव इथे, नात तिथे. कोणीतरी ते घेऊन जायला हवं ना? मी आज निघतेय. तुरार आगाय, या सभागृहात वयाने सर्वांत मोठे तुम्ही. मला वाटेचा आशीर्वाद द्या.”

मेलिस बाइकेंचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

तुरार आगाय मघापासून गप्प बसून होते. पुस्तक त्यांचं, सत्तरी त्यांची, मेंढी त्यांच्या पैशाची, आणि सगळा दिवस दुसराच घेऊन गेलेला. आशीर्वाद मागितल्याबरोबर ते असे उठले की अंगावरचा झगा खुर्चीत राहिला. त्यांनी तळवे वर केले, आणि सभागृहातल्या झाडून सगळ्यांना करावे लागले. तुर्दुमातोवांना करावे लागले. मेलिस बाइकेंनाही खिशातला हात बाहेर काढावा लागला.

“वाट पांढरी होवो!” तुरार आगाय म्हणाले. “विमानाला ठेच न लागो! जाशील तिथे दार उघडं मिळो, चूल पेटलेली मिळो! तुला अडवेल त्याची जीभ अडो!” शेवटचं वाक्य त्यांनी तुर्दुमातोवांकडे बघत म्हटलं, पण लागलं ते दुसऱ्यालाच. कालव्यांवर बोलायचं जेवढं राहिलं होतं तेवढं सगळं त्यांनी या आशीर्वादात ओतलं. मेंढी निवायला लागली तेव्हा कुठे “ओमिन” झालं.

थोरांचा असा आशीर्वाद मिळालेल्या माणसाला अडवायचं म्हणजे थोरांचं बोलणं मातीत घालायचं. मेलिस बाइके कवी असले तरी एवढं त्यांना कळत होतं. ते दारापर्यंत तिच्या मागे मागे आले.

“आनारकान, अगं, आणि दुसरी आवृत्ती?”

“बाइके, हात तुम्हीही वर केले होते.”

“पण ब्लेड कुठे असतं, ते तरी सांगून जा!”

“तुमच्याच खणात ठेवलंय,” ती म्हणाली. “गोळ्यांच्या शेजारी.”

विमानतळावर जाताना ती स्वतःशीच हसत होती. जिबेकला काय काय सांगायचं ते तिने मनात लावून ठेवलं होतं. रिकामा घोडा, “मग मी कुठे आहे?”, उघडं राहिलेलं तोंड. जिबेक लहानपणी अशा गोष्टींना पोट धरून हसायची. सामान दिल्यावर तिने फोन लावला.

“जिबेक! आज निघालेय गं. विमानतळावरच आहे. थांब, तिकिटाचा फोटो पाठवते.”

“नको, आई,” जिबेक म्हणाली. आवाज खोल गेलेला होता. “दोन आहेत माझ्याकडे.”

आनारकानचं हसू तिथेच विझलं. पलीकडे बाळ कुरकुरलं, मग गप्प झालं, पाजायला घेतलं असावं.

“फार त्रास झाला का?”

“झाला,” जिबेक म्हणाली. “मी तुलाच हाका मारत होते, आई. माझ्या ते लक्षातही नव्हतं. नर्सने नंतर विचारलं, तुझी आई नाही का? मी सांगितलं, आहे. कामावर आहे.”

आनारकानला काहीतरी म्हणायचं होतं. पुस्तकाबद्दल, पानाबद्दल, तिला जाऊ दिलं नाही त्याबद्दल. पण पाचशे पानं कोणी तिचा हात धरून कापून घेतली नव्हती. ती फोन कानाशी धरून उभी राहिली, आणि तिच्या मागची बाई म्हणाली, “एजे, रांग पुढे सरकली.”

“आई? आहेस ना?”

“आहे.”

“उद्या परत पाठवतायत आम्हाला घरी. तू थेट खोलीवरच ये. दार जोराने वाजव, घंटा बिघडलीय.”